रंकाळ्यावर फिरताना वडिलांच्या पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. वय 61, शुगर आहे, तंबाखूही. वयामुळं असेल का?

वयावर ढकलू नका. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत मोकळी होते, हे पायाची धमनी चरबीच्या थरांनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. मणक्याच्या दुखण्यातही पाय भरून येतात, पण तिथं बहुधा बसल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय आराम पडत नाही.

काळजी पायापेक्षा हृदयाची जास्त. पायात थर साचले असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा सुटलेल्या नसतात. त्यात शुगरवाल्यांना हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो: दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ. आपल्याकडं ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पाजतात आणि वेळ जातो. असं झालं तर थेट 108.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडं घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून घ्या. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, हे गुणोत्तर 0.9 किंवा कमी आलं तर धमनी अरुंद आहे. मात्र शुगरमध्ये धमन्या कडक होऊन आकडा फसवा, चांगला येऊ शकतो, मग डॉपलर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी.

तांबड्या रश्श्याला सगळे बोल लावतात, पण आधी तंबाखू सुटायला हवी, ती जास्त घातक. चालणं बंद करू नका, डॉक्टरांना विचारून थांबत थांबत चालू द्या. पाय अचानक गार, पांढरा पडून ठणकला, तर त्याच तासाला दवाखाना.