हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला, असं नाही

‘मैत्रिणीच्या लग्नाला नऊ दिवस आहेत, काचेची फुलदाणी रंगवून झाली, हाताला कोरडी लागतेय, बबल रॅपमध्ये गुंडाळून ठेवू का?’ हे वाचलं आणि पोटात गोळा आला. नका गुंडाळू.

मी नेमकं हेच केलं होतं. भाचीच्या लग्नासाठी उभी फुलदाणी, सोनेरी लायनरने (नळीतून रेघ ओढायचा जाड रंग) वेलबुट्टी, मधोमध दोघांची नावं. पंधरा रात्री जागून केलेलं काम. रंग बोटाला लागेना म्हणून तिसऱ्याच दिवशी बबल रॅप, वरून चिकटपट्टी करकचून. आदल्या रात्री हौसेने उघडून बघितलं तर पानापानांवर गोल ठसे, कांजिण्या आल्यासारखे. लायनर जिथे जाड होता तिथे तो प्लास्टिकलाच चिकटून आला आणि नवरदेवाच्या नावावरचा अनुस्वारही त्याच्याबरोबर गेला. रडू आवरेना. रंग विकणाऱ्याने ‘तासाभरात वाळतो’ म्हणून छातीठोक सांगितलं होतं. नंतर विचारायला गेले तर म्हणे, तुमची काच खराब असेल! असो.

कारण साधं आहे. कागद, लाकूड रंगातलं पाणी शोषून घेतं, काच थेंबभरही घेत नाही. सगळं पाणी वरूनच उडायचं. त्यामुळे वर साय धरते आणि आत रंग मऊच राहतो. काचेवरचे बरेचसे ॲक्रिलिक इनॅमल, म्हणजे पाण्यात मिसळणारे चकचकीत रंग, नुसत्या हवेवर पक्के व्हायला २१ दिवस घेतात. तुमच्याकडे नऊच आहेत, म्हणजे ओव्हन.

पण आधी बाटली वाचा. पाण्यात ब्रश धुता येणारा, भाजायचा रंग असेल तरच ओव्हन. पेबेओ कंपनीच्या व्हिट्रेआ १६० या काचेच्या रंगाचं तापमान नावातच आहे: १६० अंश सेल्सियस, ४० मिनिटं. त्याच कंपनीचा व्हिट्रेल मात्र सॉल्व्हंटवाला, म्हणजे पाण्याऐवजी थिनरसारख्या द्रावकातला, तो भाजायचा नाही. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि घोळ होतो. आधी निदान २४ तास वाळू द्या. फुलदाणी थंड ओव्हनमध्येच ठेवायची आणि मग तो चालू करायचा. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून. झाल्यावर बंद करा आणि आतच गार होऊ द्या, दार उघडून डोकावायचं नाही. काच तडकते ती बहुधा याच उतावीळपणाने. मणी, लेस, गोंद असं काही चिकटवलं असेल तर भाजणं विसरा. मी काही रसायनतज्ज्ञ नाही, माझ्या सांगण्यात आणि बाटलीवरच्या सूचनेत फरक पडला तर बाटलीचं ऐका.

ओव्हन नसेल तर खोका असा भरा की गळा आणि बूडच टेकेल, रंगवलेलं पोट अधांतरी राहील. कापडसुद्धा टेकवू नका, त्याची वीण उमटते.

स्पिरिटने काच पुसून घेणं वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यावर बोलत नाही. सोबत एक चिठ्ठी मात्र घाला: पाण्यात भिजत ठेवू नये, घासणीने घासू नये, डिशवॉशर नको. घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही आणि मग ‘रंग टिकला नाही’ हे ऐकून घ्यायचं आपण. पुढे कधी प्यायचे ग्लास रंगवलेत तर काठापासून दोन सेंटीमीटर कोरे सोडा, आतून तर रंग नकोच. (एचिंग क्रीमचा, म्हणजे काच खाऊन त्यावर पांढुरकी खूण उमटवणाऱ्या मलमाचा, विचार मनात येईल. नाव अजिबात पुसलं जात नाही हे खरं, पण ते कातडीला भाजतं. घाईत, हातमोजे न घालता करायचं काम नव्हे.)

रंग कोणता आहे तेवढं बाटलीवरून बघून इथे लिहा. सॉल्व्हंटवाला निघाला तर खोका कसा भरायचा ते नीट सांगते.