काकू, तेल पाण्यातून जातं कसं?

प्रश्न: काकू, मी बी.एससी. सेकंड इयरला आहे. सर म्हणाले की पेशीतली बहुतेक लिपिडं ईआरमधे (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पडद्यांचं जाळं) बनतात आणि तिथून गॉल्जी, मायटोकॉन्ड्रिया हे पेशीचे दुसरे भाग, बाहेरचा पडदा अशी सगळीकडे जातात. पण मधे तर पाणीच आहे ना, आणि लिपिड पडलं तेलाच्या जातीचं, मग जातं कसं? सरांनी व्हेसिकल म्हणून विषय संपवला, माझं समाधान नाही झालं.
— एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर: बेटा, समाधान नाही झालं तेच बरं झालं, कारण तुझी शंका अगदी खरी आहे. व्हेसिकल म्हणजे पडद्याचाच छोटा फुगा, तो सुटून दुसऱ्या पडद्याला जाऊन मिळतो, हे होतंच. पण ईआरहून मायटोकॉन्ड्रियाकडे असली व्हेसिकलची नेहमीची ये-जा नाहीच, तरी लिपिडं तिथे पोचतात.

आज जेवताना वरणावर तूप घातलंस की दोन मिनिटं बघत बस. तुपाचे ठिपके तरंगतात, चमच्याने दोन ठिपके जवळ आणले की पटकन एक होतात, पण एका ठिपक्यातलं तूप सुटून, पाण्यातून पोहत दुसऱ्यात गेलेलं दिसणार नाही. पेशीचा पडदा ज्या लिपिडचा मुख्यतः बनतो त्या फॉस्फोलिपिडची तीच अडचण. पडद्याच्या आत ते इतकं चपळ की शेजाऱ्याशी सेकंदाला साधारण कोटीभर वेळा जागा बदलतं, पण पडदा सोडून एकट्याने पाण्यात उतरायचं म्हटलं तर तासन् तास, कधी दिवसही लागतात, कारण त्याच्या दोन लांब शेपट्यांना पाणी सोसत नाही. पेशीला एवढी वाट बघून चालत नाही.

मग पेशी दोन गोष्टी करते. एक म्हणजे पडदे जवळ आणते. आपल्या राजवाड्यामागच्या जुन्या गल्ल्यांमधे समोरासमोरच्या गॅलऱ्या इतक्या जवळ असतात की साखरेची वाटी हातातून हातात देता येते, तसे ईआर आणि दुसरे पडदे काही ठिकाणी फक्त १० ते ३० नॅनोमीटरवर येतात. एक होत नाहीत हं, नुसते जवळ येतात, त्याला कॉन्टॅक्ट साइट म्हणतात. आणि दुसरं म्हणजे हात, लिपिड ट्रान्सफर प्रोटीन. याच्या पोटात तेलकट खोबण असते, लिपिडच्या शेपट्या त्यात झाकल्या जातात, पाणी लागतच नाही.

२००३ मधे जपानमधे केंतारो हानादा आणि सहकाऱ्यांनी सर्ट नावाचं असं प्रोटीन दाखवलं, ते सेरामाइड नावाचं लिपिड ईआरमधून उचलून गॉल्जीत नेतं. त्याचं एक टोक गॉल्जीवरच्या पीआय४पी नावाच्या लिपिडला धरतं, मधला भाग ईआरवरच्या प्रोटीनला, आणि दुसरं टोक माल धरतं. ओएसबीपी नावाचं असंच दुसरं प्रोटीन तर मला सगळ्यात आवडतं. ते कोलेस्टेरॉल गॉल्जीत नेऊन ठेवतं आणि परत येताना पीआय४पी घेऊन येतं. ईआरमधे एक एन्झाइम ते पीआय४पी लगेच मोडून टाकतं, म्हणून तिकडून ते इकडे येतच राहतं आणि त्याच्या जोरावर कोलेस्टेरॉल उलट दिशेला, म्हणजे जिथे आधीच जास्त आहे तिकडे, ढकललं जातं. परीक्षेत दिशा कशी ठरते असं विचारलं तर हेच लिहायचं.

आणि जिथे एकेक करून भागत नाही, खूप लिपिड एकदम लागतं, तिथे व्हीपीएस१३ आणि एटीजी२ सारखी लांब प्रोटीनं असतात, २० नॅनोमीटरच्या आसपास लांबीची, आतून तेलकट, दोन पडद्यांमधे लावलेल्या पन्हळीसारखी. पण पन्हळीतून आलेलं लिपिड पडद्याच्या दोन थरांपैकी एकाच थरात शिरतं, मग स्क्रॅम्बलेज नावाचं प्रोटीन ते दोन्ही थरांत वाटून देतं, नाहीतर एकच थर फुगत जाईल. माणसात व्हीपीएस१३ए चं जीन बिघडलं तर हातापायांच्या आपोआप हालचाली होणारा एक दुर्मिळ आजार होतो आणि मायक्रोस्कोपखाली काही लाल पेशी काटेरी दिसतात, गोल नाही. तो फोटो सापडला तर जरूर बघ, एवढ्याशा पन्हळीचं महत्त्व लगेच कळेल.

प्रश्न: ताई, डिसेंबरात डब्यातलं तूप थिजतं, मग थंड पाण्यातल्या माशांच्या पेशींचे पडदे का नाही थिजत?
— एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर: भाऊ, तुपात सॅच्युरेटेड फॅट जास्त, त्याच्या शेपट्या सरळ, एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. अनसॅच्युरेटेड शेपटीला मधे बाक असतो, म्हणून ती घट्ट बसत नाही, शेंगदाण्याचं तेल त्यामुळेच तुपाइतक्या लवकर थिजत नाही. पाणी गार झालं की मासे हळूहळू पडद्यात असल्या बाकदार शेपट्यांची लिपिडं वाढवतात. १९७४ मधे सिनेन्स्की यांनी ई. कोलाय बॅक्टेरियात हेच मोजून दाखवलं, वेगवेगळ्या तापमानाला वाढवलेल्या बॅक्टेरियांच्या पडद्याचा पातळपणा जवळजवळ सारखाच निघाला.