विभागाची कॉम्प्युटर लॅब नव्याने गळ्यात पडली असेल तर

सर, तुमची अडचण नीट वाचली. भौतिकशास्त्र विभागात रुजू झालात आणि दुसऱ्याच आठवड्यात कॉम्प्युटर लॅबचा चार्ज मिळाला. तीस मशीन, त्यांतली सहा बंद, चार मनात आलं तर चालणारी. एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणाऱ्या यंत्राचा, संगणक अजून विंडोज एक्सपीवर. पैसे नाहीत, आणि एमएस्सीची प्रॅक्टिकल परीक्षा पाच आठवड्यांवर. सुरुवात कुठून करू आणि सगळीकडे लिनक्स टाकू का, हे तुम्ही विचारलंय.

मी एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागात बावीस वर्षं तांत्रिक सहायक आहे. शिकवत नाही, त्यामुळे शिकवणाऱ्यांना काय जमत नाही ते मला जवळून दिसतं. थोडं स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.

सुरुवात संगणकापासून करू नका. मल्टिमीटर घ्या आणि लॅबमधल्या प्रत्येक सॉकेटचं न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर पुढे चला. आमच्याकडे एका मे महिन्यात मुली सांगायला लागल्या की कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. लॅबमध्ये चपला बाहेर काढायची पद्धत, त्यामुळे सगळे अनवाणी. आधीच्या सरांनी 'स्टॅटिक असेल' म्हणून सोडून दिलं होतं. मी मोजलं तर न्यूट्रल-अर्थ जवळपास ११० व्होल्ट! तुम्ही भौतिकशास्त्राचे, लगेच ओळखाल. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायच्या, आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग तुटलं की कॅबिनेट त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर तरंगतं. करंट अगदी थोडा, म्हणून जीव जात नाही, पण त्या दिवशी एखाद्या एसएमपीएसचं इन्सुलेशन गेलं असतं तर गेला असता. मागच्या अंगणातला अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडला होता आणि पट्टीचा जोड गंजून निखळला होता. वायरमनने जोड नवा केला, खड्ड्यात पाणी सोडलं, आणि वर्षभर 'आपोआप रीस्टार्ट' होणारी पाच मशीन त्या आठवड्यात गुपचूप सुधारली. त्यांच्यावर आधी तीनदा विंडोज टाकून झालं होतं. खड्डा स्वतः उकरायला जाऊ नका, विद्युत विभागाला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच फाइलला लावा.

यूपीएसचंही लगेच बघून घ्या. प्रत्येक टेबलाखाली ६०० व्हीएचा छोटा डबा असेल तर त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. मग तो डबा लाइट गेल्यावर फक्त शिट्टी वाजवतो. आणि लेझर प्रिंटर कुणी यूपीएसवर लावला असेल तर आजच काढा. त्याचा फ्यूजर, म्हणजे शाई कागदावर पक्की करणारा गरम रोलर, तापताना एकदम करंट ओढतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही 'सहा मशीन बंद' असं लिहिलंय. मीही पहिली पाच-सहा वर्षं असाच मोजायचो, आणि एकेका मशीनला दुपारभर घेऊन बसायचो. पण लॅब संगणकांवर चालत नाही, बॅचवर चालते. अकरा वाजता वीस पोरं येणार, त्यांना वीस सारखी मशीन हवीत, बस्स. तुमच्याकडे तीस आहेत. बॅच वीसची असेल तर चोवीस टेबलावर मांडा, बाकीची दुरुस्त करून कपाटात. चालू तासात मशीन बिघडलं की उघडायचं नाही. पोराला शेजारच्या रिकाम्या जागेवर बसवायचं, संध्याकाळी ते मशीन उचलून कपाटातलं तिथे ठेवायचं. दुरुस्ती शनिवारी, चहा पीत. वर्ग चालू असताना स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली शिरलेला मास्तर हे लॅब बिघडल्याचं पहिलं लक्षण आहे.

हे जमायचं तर सगळी मशीन खरोखर सारखी हवीत. क्रमांक ७ वर पायथन आहे पण आलेख काढणारी लायब्ररी नाही, १२ वर सायलॅब (गणिती आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर) जुना, १९ वर कुणीतरी गेम टाकलाय, असं असेल तर ती लॅब नव्हे, तो बाजार. एक मशीन मन लावून तयार करा, आठवडा घ्या त्याला. लागणारं सगळं टाका, प्रत्येक विषयाच्या सरांना आणून बसवा आणि त्यांचा एकेक प्रयोग त्यांच्याच हातांनी करून घ्या. 'चालतंय' असं तोंडी ऐकून पुढे जाऊ नका. मग क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, घ्या आणि बाकीच्यांवर ओता.

इथे थोडा हिशोब करा. इमेज ३० जीबीची आणि स्विच जुना १०० एमबीपीएसचा असेल तर एका मशीनला कागदावर चाळीस मिनिटं. सर्व्हरवरून तिसांना एकेक करून द्यायची तर वीस तास. मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी, दिलीत तर तिसांना मिळून तीच चाळीस मिनिटं. फक्त मल्टिकास्ट सगळ्यांत हळू मशीनच्या चालीने चालतं. एकाची हार्ड डिस्क मरायला टेकलेली असेल तर एकोणतीस जण तिच्यासाठी खोळंबतात. आमच्याकडे तर ही डिस्क तपासायची पद्धतच होऊन बसली. आणखी एक, मास्टर, म्हणजे ते नमुन्याचं मशीन, सगळ्यांत लहान डिस्कवर बनवा. २५६ जीबीच्या एसएसडीवर घेतलेली इमेज २४० च्या एसएसडीवर सरळ बसत नाही, हे मी परीक्षेच्या आदल्या रात्री शिकलो. आणि विंडोज असेल तर इमेज घेण्याआधी सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवायला, लिनक्स असेल तर मशीन-आयडीची फाइल रिकामी करायला विसरू नका. नाहीतर तीसही जण एकच नाव सांगत फिरतात.

लिनक्स की विंडोज यावर मी पूर्वी तावातावाने भांडायचो. आता नाही भांडत, कारण निर्णय तारखेनेच केलाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. तुमची मशीन चौथ्या पिढीची आहेत म्हणता, म्हणजे सरळ मार्गाने ११ चढणार नाही. आडमार्ग आहेत, पण सरकारी लॅबमध्ये त्या वाटेला जाऊ नका. एसएसडी आणि ८ जीबी रॅम घालून उबुंटू २४.०४ टाकलंत तर २०२९ पर्यंत अद्ययावत राहतं आणि मशीन अजून तीन-चार वर्षं खुशाल ओढतं. पैसे फक्त एकाच गोष्टीला मिळणार असतील तर एसएसडीला मागा, रॅमला नंतर.

खरी अडचण ऑपरेटिंग सिस्टमची नसतेच, टर्बो सीची असते. तुमच्या विभागातही कुणीतरी ज्येष्ठ सर असतीलच, ज्यांच्या जर्नलमध्ये 'क्लिअरस्क्रीन' आणि 'व्हॉइड मेन' आहे. टर्बो सी म्हणजे सी भाषेचा जुना कंपायलर, डॉसच्या काळातला. ६४ बिट विंडोजवरही ते आपलं आपण चालत नाही, डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घालून चालवावं लागतं. आमच्या सरांना मी वाद घालून पटवू शकलो नाही. मग एक दिवस त्यांच्याच फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमला ८ दिलं. उत्तर आलं उणे २५२१६. टर्बो सीमध्ये इंटिजर दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही, आणि ८ चा फॅक्टोरियल ४०३२०. सर हसले, म्हणाले, 'म्हणून तर आम्ही सातपर्यंतच देतो.' मग तोच प्रोग्रॅम जीसीसी या आजच्या मोफत कंपायलरवर चालवला, बारापर्यंत अगदी बरोबर. तेराला उत्तर आलं १९३२०५३५०४. तेही चूकच, खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे, पण उणे चिन्ह नाही, त्यामुळे एकाही पोराला संशय आला नाही. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचाच प्रयोग केला आणि जीसीसी आपणहून स्वीकारलं. शिक्षकांना 'तुमचं जुनं झालं' म्हणून काही होत नाही, त्यांना शिकवण्याजोगं नवं काहीतरी द्यावं लागतं.

पैसे नाहीत म्हणता म्हणून दोन नावं सुचवतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये सायलॅब, पायथन, लिनक्सचे धडे आहेत, बरेच मराठी आवाजातही. ते उतरवून लॅबच्या मास्टर इमेजमध्येच ठेवा, इंटरनेट बंद पडलं तरी तास चालतो. दुसरं म्हणजे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरने बनवलेलं एक्सपआइज. यूएसबीवर चालणारी हातावर मावणारी पेटी. आरसी सर्किटचं चार्जिंग, लंबक, डायोडचा आलेख, सगळं त्यावर होतं आणि पोरं आकडे थेट पायथनमध्ये घेतात. लिनक्सवर ते 'डिव्हाइस सापडत नाही' म्हणालं तर वायर बदलत बसू नका, विद्यार्थ्यांच्या खात्याला 'डायलआउट' या गटात (त्याला अशी उपकरणं वापरायची परवानगी असते) घाला. हेसुद्धा इमेज घेण्याआधी.

आता वहीबद्दल. दाराशी एक साधी वही दोरीने बांधा, पेनसुद्धा दोरीलाच. मशीन क्रमांक, वेळ, काय झालं, एवढंच लिहायचं, मराठीत, मनाला येईल तसं. आमच्या वहीत '१४ नंबर मेला परत' अशा नोंदी असायच्या. चार महिन्यांनी चाळल्यावर दिसलं की १३ ते १६ ही रांग दर मंगळवारी तीनच्या सुमारास मरते. मंगळवारी तीनला पलीकडच्या रिसर्च लॅबमध्ये मफल फर्नेस, म्हणजे विजेची मोठी भट्टी, लागायची, आणि ती रांग त्याच फेजवर होती. ही गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरने मला सांगितली नसती. वही अटेंडंट दादांच्या ताब्यात द्या. त्यांना लॅब तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

खरेदी आणि भंगार यावर थोडक्यात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे विभागाच्या सामानाच्या नोंदवहीत, जे लिहिलंय तेच खरं, टेबलावर काय आहे त्याला ऑडिटच्या दिवशी किंमत नसते. बंद मशीनमधली रॅम काढून चालू मशीनमध्ये टाकलीत तर त्याच दिवशी नोंद करून विभागप्रमुखांची सही घ्या. माझी एकदा राहिली, आणि दोन ४ जीबीच्या पट्ट्यांसाठी मी तीन खुलासे लिहिले. निर्लेखनाचा, म्हणजे जुनं सामान नोंदीतून काढायचा, प्रस्ताव मार्चमध्ये नेऊ नका, त्या महिन्यात लेखा विभागाला मान वर करायला वेळ नसतो. आणि मशीन भंगारात देण्याआधी डिस्क काढून पुसा, त्यांच्यावर जुने निकाल आणि प्रश्नपत्रिका निघतात. भंगार रद्दीवाल्याला नाही, नोंदणीकृत ई-कचरा रीसायकलरलाच, पावती घेऊन.

परीक्षेसाठी एकच सांगतो. प्रिंटर त्या दिवशी एकाच मशीनला जोडा आणि तिथे माणूस बसवा. सगळ्यांना प्रिंट खुला ठेवलात तर एक पोरगं घाबरून अकरा वेळा बटण दाबतं, आणि बाहेरून आलेले परीक्षक रांगेत उभे राहतात.

राहिला तुमचा एक्सपीवाला एक्सआरडी. त्याला हात लावायची सगळ्यांना घाई असते, तुम्ही लावू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण यंत्राचं सॉफ्टवेअर, त्याचं कार्ड आणि मागच्या पोर्टातला डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेली डबी) हे सगळं त्या संगणकाशीच बांधलेलं आहे. तो अपग्रेड करायचा नाही, जपायचा. नेटवर्कची केबल काढा आणि सॉकेटवर टेप मारा, म्हणजे कुणी प्रेमाने परत जोडणार नाही. विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह तिथे बंद. एकच पेनड्राइव्ह त्या यंत्राचा, त्यावर डेटा काढून शेजारच्या लिनक्स मशीनवर न्यायचा, आणि परत लावण्याआधी तिथेच फॉरमॅट करायचा. शॉर्टकट व्हायरसचं येणं-जाणं एवढ्याने थांबतं. त्या डिस्कच्या दोन इमेज घ्या, एक विभागात, एक दुसऱ्या इमारतीत. तशाच मॉडेलचा जुना मदरबोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्या भंगारात दिसला तर घेऊन ठेवा.

आणि बाकी काही करण्याआधी, उद्या सकाळीच, त्याच्या मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ बॅटरीचं बघा. वीसेक रुपयांची गोष्ट. ती संपली की तारीख मागे कुठल्या तरी सालात जाते आणि परवान्यावर चालणारं सॉफ्टवेअर उघडायला नकार देऊ शकतं. लोक मग इंजिनिअर बोलावतात. पण बॅटरी काढली की बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंग पुसल्या जातात, म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा, त्या फोटोंची प्रिंट काढून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि मगच जुनी बॅटरी काढा.