वडिलांचे विसरणे, दिवसाची गुंगी आणि ऑक्सिजनचा आकडा

आपल्या वडिलांना बारा वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजन ८६ ते ८८ टक्के दिसतो, काही महिन्यांपासून ते गोळ्यांच्या वेळा विसरतात, चिडतात, दिवसा पेंगतात. तेव्हा हे म्हातारपण समजावे की कॉन्सन्ट्रेटरचा (घरी ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचा) ऑक्सिजन वाढवून पाहावा, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी झालेल्या माझ्या आईचा हाच आजार मी नऊ वर्षे जवळून पाहिला आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: डॉक्टरांना विचारल्याखेरीज ऑक्सिजन वाढवू नका.

आम्ही तो वाढवला होता. एका रात्री आकडा ८५ झाला म्हणून घाबरून आम्ही मिनिटाला एका लिटरचे पाच लिटर केले. आकडा ९७ वर गेला, आईला शांत झोप लागली आणि आम्हाला हायसे वाटले. सकाळी ती हाक मारूनही उठेना. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातील वायू मोजणारी एबीजी तपासणी केली, तेव्हा रक्तातील कार्बन डायऑक्साइड ८० च्या पुढे गेलेला आढळला. तो साधारणपणे ३५ ते ४५ (मिलिमीटर पारा) असतो.

ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवतच नाही. आजारी फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिथला रक्तपुरवठा शरीर आपण होऊन कमी करते. ऑक्सिजन अवाजवी दिला की त्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात, रक्त तिथून वाया फिरते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याऐवजी साठू लागतो. तो वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या फुगतात, सकाळी डोके दुखते, गुंगी येते, पुढे केलेले हात फडफडतात आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात, ते यामुळेच. वडिलांची दिवसाची पेंग मला म्हणूनच अधिक काळजीची वाटते.

विसरण्याचे कारण मात्र ऑक्सिजनची दीर्घकाळची कमतरता हेही असू शकते. शरीराच्या वजनात जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू सुमारे वीस टक्के ऑक्सिजन वापरतो, आणि स्मरणाशी निगडित असलेला त्याचा भाग ही कमतरता फार लवकर भोगतो. लक्ष न टिकणे, एकापाठोपाठ एक कामे क्रमाने न जमणे, बोलताना शब्द न सापडणे, असे ते हळूहळू दिसू लागते; त्यामुळे घरच्यांना तो स्वभावातला बदल वाटतो आणि नकळत बोलणी बसतात. आईला मीही बोललो आहे, याचे मला आजही वाईट वाटते.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन महत्त्वाच्या चाचण्यांमध्ये, विश्रांतीतही ऑक्सिजन फार कमी असलेल्या रुग्णांनी तो दिवसातले बरेच तास, ब्रिटनमध्ये किमान १५ तास, घेतल्यास त्यांचे आयुष्य वाढते असे दिसले. अमेरिकेतील रुग्णांच्या बुद्धीच्या कसोट्यांमध्येही सहा महिन्यांनी सुधारणा झाली, पण ती माफकच होती. म्हणजे योग्य प्रमाणातला ऑक्सिजन उपयोगी पडतो, आणि 'थोडा वेळ लावला, बरे वाटले, काढला' असे करून त्याचा लाभ मिळत नाही.

तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन एबीजी करून घ्या, आणि रात्री घोरणे किंवा श्वास अडकणे असेल तर तेही सांगा. आईला पुढे रात्रीचा बायपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) लागला आणि तिची सकाळची डोकेदुखी थांबली. बी-१२, थायरॉइड आणि सोडियम तपासायला सांगा, नैराश्याबद्दलही विचारा, कारण त्यातही माणूस असाच दिसतो. झोपेची गोळी आपल्या मनाने मुळीच देऊ नका. इन्हेलर घेताना कुणीतरी समोर बसावे. आई पंप दाबायची, पण श्वास आत ओढायचे विसरायची, आणि आम्ही औषध लागू पडत नाही म्हणून ते बदलत राहिलो होतो.

वडील हाकेला नीट ओ देत नसतील, ओळखीच्या माणसांना ओळखत नसतील किंवा त्यांचे ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्यांना रुग्णालयात न्या, आणि रोज किती लिटर ऑक्सिजन लावता, हे तिथल्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.