किलिमांजारो चढताना रोज किती पाणी प्यावे?
किलिमांजारोवर (5895 मीटर) सूप आणि चहा धरून दिवसाला साधारण 3 ते 4 लिटर पाणी पुरते. उंचीवरच्या थंड, कोरड्या हवेत श्वास जलद होतो आणि घाम जाणवला नाही तरी उच्छ्वासावाटे शरीरातले पाणी सतत कमी होत राहते. तहान मात्र मंदावते. खरी कसोटी शिखराच्या रात्री लागते. मध्यरात्रीच्या सुमारास चढाई सुरू झाल्यावर पाठपिशवीतल्या पाण्याची नळी गोठू शकते, म्हणून गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवावी; बर्फ वरच्या बाजूने धरू लागतो आणि झाकण मोकळे राहते. लघवी फिकट पिवळी असेल तर बळेच अधिक पिऊ नये, कारण पाण्याच्या अतिरेकाने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते.