अंदमानची बॅग: ओलं वेगळं, कोरडं वेगळं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की अंदमानबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात. या वेळी बहुतेक पत्रं सामानाबद्दल होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आधी नावांचं सांगते. हॅवलॉक आणि नील ही बेटं २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकीट किंवा पाटी वाचताना गोंधळू नका. बोलताना अजून जुनीच नावं तोंडात येतात, मीही खाली तीच वापरते.

प्रश्न: आम्ही चौघं, मुलं ४ आणि ९ वर्षांची. नोव्हेंबरमध्ये सहा दिवस जातोय. विमानात माणशी १५ किलोच चालतं. कपडे, पोहण्याचे कपडे, टॉवेल हे सगळं बसवायचं कसं? (नाशिक)

चौघांना मिळून ६० किलो तुम्हाला लागणारच नाहीत, आणि नेऊही नका. सहा दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील असा मुक्काम तीन-चारदा हलतो. दर वेळी बॅग गाडीतून उतरवून, जेट्टीवरून ओढत बोटीपर्यंत न्यायची, आणि एका हाताला ४ वर्षांचं लेकरू असतं. चौघांत दोन मध्यम बॅगा आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक पुरे.

खरी अडचण वजनाची नाही, ओल्या कपड्यांची आहे. गेली चौदा वर्षं कुटुंबांना घेऊन जाते आहे आणि दर सहलीत हेच बघते. संध्याकाळी हॅवलॉकला राधानगरच्या किनाऱ्यावर मुलं मनसोक्त डुंबतात, कपडे खोलीत वाळत घालतात, आणि सकाळी लवकरची बोट. तेवढ्यात हवा इतकी दमट की काहीही वाळलेलं नसतं. मग आई ते गच्च ओले कपडे पिशवीत कोंबते, पिशवी कोरड्या कपड्यांच्या बॅगेत जाते आणि दुपारी नीलला बॅग उघडली की सगळ्याला कुबट वास.

म्हणून कपडे निवडताना एकच बघा, ते रात्रीत वाळतात का. जीन्स घरीच ठेवा. पाण्यात जायला प्रत्येकी दोन जोड नायलॉनचे, एक अंगावर आणि एक वाळत. बाकी सुती पातळ कपडे तीन-चार जोड. टर्किश टॉवेलऐवजी पंचे घ्या. आपला साधा पंचा पिळला की तासा-दोन तासांत वाळतो, बोटीत गार वारा लागला तर मुलाच्या अंगावर घालता येतो, डोक्याला बांधता येतो. माणशी दोन पंचे, चार मीटर नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे आणि तोंड घट्ट बंद होणाऱ्या दोन जाड पिशव्या. या पिशव्या फक्त ओल्यासाठी, त्यात कोरडं काही टाकायचं नाही.

नोव्हेंबरात तिथे सरी येतात. छत्री वाऱ्यात टिकत नाही, पातळ रेनकोट न्या. आणि टॉर्च विसरू नका. घड्याळ आपलंच, पण बेटं कितीतरी पूर्वेला, त्यामुळे या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सहाला किनाऱ्यावरून परतताना वाट अंधारी असते.

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, कायम साडीच नेसतात. त्यांना समुद्रात पाय बुडवायचे आहेत, पण ड्रेस घालायला संकोचतात. काय करावं? (कोल्हापूर)

पाय बुडवण्यापुरतं साडीनं चालेल, घोट्याच्या वर काठ खोचून, कुणाचा तरी हात धरून. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं असेल तर मात्र साडी नको, हे मी अगदी आग्रहानं सांगते. पाच वार कापड भिजलं की जड होतं आणि लाट मागे हटताना पायांभोवती गुंडाळतं. अशा वेळी पाऊलच उचलत नाही. राधानगरला मी एका आजींना असं पडताना पाहिलंय. पाणी मांडीपर्यंतसुद्धा नव्हतं, पण त्यांना उठता येईना. दोघींनी मिळून त्यांना काखेत धरून बाहेर आणलं.

त्यांच्यासाठी गडद रंगाचा, गुडघ्याखाली जाणारा सिंथेटिक कुर्ता आणि लेगिंग घ्या. ओला झाला तरी अंग दिसत नाही, ही त्यांची खरी काळजी असते. शक्य असेल तर सुनेनंही तसाच घालावा. दोघी एकसारख्या असल्या की संकोच निम्मा होतो. पाण्यातून आल्याबरोबर अंगाभोवती घ्यायला एक मोठी सुती ओढणी हाताशी ठेवा.

चप्पल मागच्या पट्ट्याची, रबरी तळव्याची हवी. नीलला नैसर्गिक पूल, म्हणजे खडकाची कमान, बघायला ओहोटीत मेलेल्या पोवळ्यांच्या खडकांवरून चालावं लागतं. शेवाळ आणि धारदार कडा. अंगठ्याची चप्पल तिथे पायात राहत नाही.

प्रश्न: गेल्या वर्षी तारकर्लीला क्रीम लावूनही मुलाची पाठ भाजून निघाली. अंदमानला कोणतं क्रीम न्यावं? (ठाणे)

क्रीमच्या आधी कपडा. पूर्ण बाह्यांचा, मानेपर्यंत येणारा पोहण्याचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घेतलीत तर निम्मा प्रश्न सुटतो. स्नॉर्केलिंग करताना मूल पालथं तरंगतं, अर्धा-पाऊण तास मासे बघण्यात गुंग. पाठ, मान आणि गुडघ्यामागची खळगी सूर्याकडे, आणि पाणी गार असल्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की रडू सुरू होतं.

क्रीम एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, पाण्यात टिकणारं. उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. पुसलं की लगेच पुन्हा. बहुतेक जण सकाळी एकदा लावतात आणि तिथेच चुकतात. झिंक ऑक्साइडचं मिळालं तर तेच घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईनं २०२१ पासून बंदी घातली, कारण पोवळ्यांना त्यांचा धोका आहे. आपण ज्या पोवळ्यांवर तरंगायला जातो त्यांचा एवढा विचार करावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम न लावता सावलीत ठेवा.

क्रीमच्याच पिशवीत वाळूतल्या बारीक माश्यांसाठी खोबरेल तेल ठेवा. त्या चावताना जाणवत नाहीत, दुसऱ्या दिवशी लाल पुरळ आणि असह्य खाज. किनाऱ्यावर बसण्याआधी पायांना तेलाचा जाड हात द्या, बसायला चटई घ्या, रात्रीसाठी कॅलामाइन लोशन.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे, इन्सुलिन घेतात. बोटीत मळमळण्याचीही भीती वाटते. पण सेल्युलर जेल बघायची त्यांची फार जुनी इच्छा आहे. (सातारा)

जरूर न्या. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये कधीही नाही. सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठण्याची भीती असते आणि बॅग हरवली तर बेटावर धावपळ होते. सहलीला लागेल त्याच्या दुप्पट न्या, निम्मं वडिलांच्या आणि निम्मं तुमच्या सॅकमध्ये. हॉटेलात फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, बर्फाच्या कप्प्यात नको. किनाऱ्यावर नेताना थंड पाउचमध्ये. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात, कारण बोटीला उशीर झाला की जेवणही लांबतं.

आणि त्यांना वाळूत अनवाणी चालू देऊ नका. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते, तापलेली वाळू किंवा पोवळ्याची कड लागलेली कळत नाही. रोज रात्री तळवे स्वतः बघा. पोवळ्यानं कापलं तर जखम स्वच्छ पाण्यानं भरपूर धुऊन जंतुनाशक लावायचं, अशी जखम चिघळते.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीनं साधारण दीड-दोन तास. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. शक्यतो मधल्या भागातली जागा घ्या, पोटात हलकं काहीतरी असू द्या, आलेपाक जवळ ठेवा.

जेलमध्ये सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. जिने चढायचे आणि लांब व्हरांडा चालायचा, म्हणून वडिलांचे रोजचे सवयीचे बूट आणि काठी. १९११ पासून दहा वर्षं सावरकरांनी त्या तुरुंगात काढली. तिथे पोचल्यावर वडिलांना घाई करू नका. त्या दाराशी बसून राहणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. फराळ, लोणचं, सुकं खोबरं नेलं तर चालेल का? (जळगाव)

फराळ न्या, लोणचं नीट बंद करून चेक-इनमध्ये. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र कुठल्याच बॅगेत नको. त्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई आहे. पॉवर बँक याच्या उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत. भाजी-पोळी, डाळ-भात सगळीकडे मिळतो, त्यामुळे डबे भरभरून नेऊ नका. रोख रक्कम आणि मुलांसकट सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ असू द्या, हॅवलॉक-नीलला नेटवर्क रुसतं.

प्रश्न: मुलीला शंख-शिंपल्यांचं वेड आहे. गोळा करायला डबा न्यावा का? (पुणे)

डबा नको. पोवळी आणि कित्येक शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. परतताना विमानतळावर बॅगा तपासतात आणि पोवळ्याचा तुकडाही सापडला तर प्रकरण होतं. तिला मात्र कायदा सांगू नका, खेकडा दाखवा. नीलला ओहोटीत किनाऱ्यावर पाच मिनिटं शांत बसलात की रिकामा वाटणारा शंख चालायला लागतो. आत शंखवासी खेकडा असतो. त्याला स्वतःचा शंख नसतो, आणि अंग वाढलं की तो मोठा रिकामा शंख शोधत फिरतो. आपण उचललेला शंख म्हणजे त्याचं पुढचं घर.

डब्याऐवजी तिच्या सॅकमध्ये एक भिंग, जाड कागदाची वही आणि रंगीत पेन्सिली टाका. शंख जागच्या जागी ठेवून त्याच्या शेजारी बसून चित्र काढू दे. स्केचपेन नको, ओल्या हातानं सगळं फिसकटतं.