'मे तोका' म्हणजे हात लावू का?

प्रश्न : ताई, मी अजिंठा-वेरूळला गाइड आहे आणि मोबाइलवर स्पॅनिश शिकायलोय. 'तोकार' म्हणजे हात लावणे, हे पाठ केलं होतं. मागच्या महिन्यात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याबाहेर रांगेत एका बाईंनी विचारलं, "आओरा मे तोका आ मी?" मी घाईघाईनं म्हणालो, "नो, नो! नो तोकार!" त्या आधी बिचकल्या, मग हसतच सुटल्या. माझं काय चुकलं?
— एक गाइड, खुलताबाद

उत्तर : भाऊ, त्या बाई एवढंच विचारत होत्या, 'आता माझा नंबर का?' आणि तुम्ही त्यांना चित्रांना हात लावू नका म्हणून दटावलं!

ॲपनं शिकवलेला अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. 'तोकार'साठी 'हात लावणे' बाजूला ठेवा आणि आपलं 'लागणे' घ्या. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हाचं आठवतं. आमच्या गल्लीत टँकर येण्याआधीच घागरींची रांग लागायची. आईनं आमच्या घागरीच्या काठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, अदलाबदल नको म्हणून. मी शिकवणीवरून आले की दारातूनच विचारायची, "नंबर लागला का गं आपला?" हे स्पॅनिशमध्ये विचारायचं तर 'तोकार'च. तिकडे दुकानातल्या रांगेतही "आ किएन ले तोका?" म्हणतात, म्हणजे 'कोणाचा नंबर?'

पुढची गंमत बघा. लॉटरी आपल्याला 'लागते', त्यांनाही तीच 'तोका' होते. स्पेनमध्ये दर 22 डिसेंबरला नाताळची मोठी सोडत असते, 1812 पासूनची परंपरा. शाळेची पोरं आकडे गाऊन सांगतात. पहिल्या बक्षिसाला 'एल गोर्दो' म्हणतात, म्हणजे जाड्या! तो ज्याला लागला तो ओरडतो, "मे आ तोकादो!" मला लागली!

आणि नको असलेलं कामही असंच गळ्यात पडतं. "मे तोको इर", मला जावं लागलं. इथं 'तोको'च्या शेवटच्या 'को'वर जोर द्या. 'तो'वर दिलात तर 'मी हात लावतो' असं होईल. 'मे' म्हणजे 'मला', हे धरून ठेवलं की अर्धा गोंधळ मिटतो. लॉटरी लागो नाहीतर भांडी घासावी लागोत, माणूस 'मला'मध्येच बसलेला असतो, दोन्ही भाषांत.

पण फार सैल सुटू नका, मी सुटले होते. शिकायला लागले तेव्हा वर्गात ऐटीत म्हणाले, "मे तोका आम्ब्रे", मला भूक लागली. सर खुर्चीत मागे रेलून हसले. भूक तिथं लागत नाही, ती 'असते' : "तेंगो आम्ब्रे". ठेच, वेळ यांनाही 'तोकार' चालत नाही. आणि आपलं 'काय करायलास', जे मला तरी 'करायला लागलास'चंच आटलेलं रूप वाटतं, ते तर त्यांच्या स्वप्नातही नाही.

उलट एक अर्थ त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही : वाद्य वाजवणे. गिटार 'तोकार' करतात, दारावरची बेलसुद्धा. तुमच्या गटातला कुणी "तोको ला गितार्रा" म्हणाला, तर तो गिटार वाजवतो, नुसता चाचपत नाही.

आता तुमच्या कामाचं. 'नो तोकार' पाटीवर शोभतं, माणसांना तोंडानं सांगताना रुक्ष वाटतं. अनेक जण असतील तर म्हणा, "पोर फावोर, नो तोकेन", एकटा असेल तर "नो तोके". (रोमन लिपीत लिहिताना इथं 'सी' जाऊन 'क्यू-यू' येतं, आपल्या देवनागरीत मात्र क तो कच.)

आणि पुन्हा कुणी रांगेत "मे तोका आ मी?" विचारलं, तर हात जोडून म्हणा, "सी, ले तोका आ उस्तेद." हो, लागला तुमचा नंबर.